या चुका टाळा: निम, कॅमॅक, व्हीएमई क्रेट आणि रुसलेला ट्रिगर

स्कोप (ऑसिलोस्कोप) लावला की ट्रिगर बंद, काढला की सुरू. ट्रिगर म्हणजे ‘हा इव्हेंट नोंदवा’ असं सांगणारा सिग्नल. कणांच्या डिटेक्टरचे सिग्नल हाताळणारी मॉड्यूल ज्या खोक्यात बसतात तो क्रेट, आणि निम, कॅमॅक, व्हीएमई ही त्याची मानकं. हा प्रकार पहिल्यांदा समोर आला तेव्हा आम्ही तिघांनी मिळून दुपारभर चार कॉइन्सिडन्स युनिट (सिग्नल एकाच वेळी आले का ते पाहणारी मॉड्यूल) बदलली. चारही ठणठणीत होती.

झालं होतं असं. डिस्क्रिमिनेटरच्या (पल्स ठरावीक उंचीवर गेला की ‘होय’ म्हणणाऱ्या मॉड्यूलच्या) आउटपुटला टी (एका केबलच्या दोन करणारा जोड) लावून एक केबल कॉइन्सिडन्सकडे आणि दुसरी स्कोपकडे नेली होती, आणि स्कोपचं इनपुट कुणीतरी ५० ओमवर ठेवलेलं. निमचं फास्ट लॉजिक करंटवर चालतं, हे आपण पुस्तकात वाचतो आणि क्रेटसमोर बसल्यावर विसरतो. ‘होय’ म्हणजे उणे १६ मिलिअँपिअर. ते ५० ओममधून गेले की स्कोपवर उणे ०.८ व्होल्टचा पल्स दिसतो. दोन ५० ओम समांतर आले की उरतात २५, आणि पल्स होतो उणे ०.४. घेणारं मॉड्यूल उणे १२ मिलिअँपिअरला, म्हणजे उणे ०.६ व्होल्टला, ‘होय’ म्हणेल एवढीच निमची हमी आहे. त्याच्या अलीकडे काय होईल ते त्या मॉड्यूलच्या मर्जीवर. म्हणजे स्कोप लावून आम्हीच ट्रिगर मारत होतो आणि मेला का ते शोधत होतो.

बरं, स्कोप १ मेगओमवर ठेवून तीच केबल टीला लटकवली तर? तेही नको. दोन मीटरची लटकती केबल म्हणजे टोकावरून परत येणारी लाट. लेमो केबलमध्ये सिग्नलला मीटरमागे साधारण ५ नॅनोसेकंद लागतात, म्हणजे जाऊन-येऊन २०. पल्सची कडा पायरीपायरीने उतरते आणि ट्रिगर तेवढा उशिरा सुटतो. स्कोप काढला की टायमिंग पुन्हा बदलतं. बघायचंच असेल तर टी थेट स्कोपच्या तोंडावर लावा, इनपुट १ मेगओमवर ठेवा, आणि सिग्नल एका बाजूने टीमध्ये येऊन दुसऱ्या बाजूने पुढच्या मॉड्यूलला जाऊ द्या. शेवटचं ५० ओम एकच, आणि ते साखळीच्या टोकाला. सिग्नल दोन ठिकाणी हवाच असेल तर फॅन-आउट (एका सिग्नलच्या अनेक प्रती देणारं मॉड्यूल) वापरा. टी स्वस्त असते म्हणून ती फॅन-आउट होत नाही.

याचीच उलटी बाजू: काही मॉड्यूलची दोन आउटपुट आतून जोडलेली असतात आणि दोघांत मिळून ३२ मिलिअँपिअर सोडतात. एकच वापरलंत तर पल्स दुप्पट, उणे १.६ व्होल्ट. रिकाम्या आउटपुटवर ५० ओमची टोपी चढवा. आमच्याकडे या टोप्या नेहमी कुणाच्या तरी ड्रॉवरमध्ये सापडायच्या. निम आणि टीटीएल (वेगळ्या व्होल्टेज पातळ्यांचं लॉजिक) एकमेकांना जोडण्याची चूक मात्र लगेच कळते, कारण काहीच होत नाही. मध्ये लेव्हल अडॅप्टर घातला की प्रश्न मिटला.

आकडा येतो म्हणून बरोबर असतो असं नाही

क्रेटचा खरा त्रास हा की तो बिघडल्यासारखा दिसत नाही. कॅमॅकमध्ये रिकाम्या स्टेशनला, म्हणजे मॉड्यूलच्या जागेला, प्रश्न विचारलात तरी उत्तर येतं: शून्य. डेटावेवर (क्रेटच्या मागच्या सामायिक तारांवर) खालची पातळी म्हणजे ‘एक’, आणि लाइन खाली ओढणारं कुणी नसेल तर सगळे २४ बिट शून्य वाचले जातात. मॉड्यूल, समजा सिग्नलचा आकडा करणारा एडीसी, स्टेशन ७ मध्ये आणि प्रोग्राम ८ ला विचारतोय, आणि पोरगं दिवसभर म्हणतंय, ‘सर, एडीसीत काही येत नाहीये.’ प्रत्येक आज्ञेनंतर एक्स आणि क्यू या मॉड्यूलच्या उत्तराच्या खुणा तपासा. एक्स नाही म्हणजे ती आज्ञा कुणी ओळखलीच नाही. क्यूचा अर्थ मॉड्यूलगणिक बदलतो. बऱ्याच एडीसीत तो ‘डेटा तयार आहे’ असं सांगतो, पण मॅन्युअल उघडल्याशिवाय विश्वास ठेवू नका.

आणखी एक. सुरुवातीला झेड (सगळी मॉड्यूल मूळ स्थितीला आणणारी आज्ञा) दिला की बऱ्याच कंट्रोलरमध्ये इनहिबिट (मोजणी रोखणारा सिग्नल) लागून राहतो. तो उठवला नाही तर सगळं जागेवर, वीज जागेवर, दिवे जागेवर, आणि स्केलर, म्हणजे पल्स मोजणारं मॉड्यूल, ढिम्म.

व्हीएमईची तऱ्हा वेगळी, तिथे निदान बस एरर (हाकेला कुणी ओ दिली नाही याची खूण) येते. पत्ता ठरवणाऱ्या फिरत्या कळा एक घर पुढे गेल्या असतील, किंवा मॉड्यूल ए३२ चं (३२ बिटांच्या पत्त्याचं) आणि आपण २४ बिटांच्या ॲड्रेस मॉडिफायरने, म्हणजे हेक्समध्ये ०९ ऐवजी ३९ ने, हाक मारत असू. जुन्या बॅकप्लेनवर (मागच्या जोडपाटीवर) मधला स्लॉट रिकामा असेल तर बस ग्रँट (बस वापरायची परवानगी) आणि इंटरप्ट ॲकनॉलेज (इंटरप्टची पोच) यांची साखळी तिथेच तुटते. जंपर लावा. आणि ब्लॉक ट्रान्सफरच्या शेवटी येणारी बस एरर पाहून घाबरू नका. काही मॉड्यूल ‘संपलं’ हे असंच सांगतात.

बिझी: इथे सगळ्यात जास्त डेटा वाया जातो

एका क्रेटमध्ये एक एडीसी, एक टीडीसी (वेळ मोजणारं मॉड्यूल). दोघांत ३२-३२ इव्हेंटांचा बफर. दोन्ही वेगवेगळी प्लॉट केली तर देखणी दिसतात: इकडे ऊर्जेचा डोंगर, तिकडे वेळेची शिखरं. पण ऊर्जा आणि वेळ यांचा एकत्र प्लॉट काढला की नुसता ढग. आम्ही दोन दिवस ॲनालिसिसचा कोड धुंडाळला. कोड बरोबर होता. रनच्या सुरुवातीला कुठेतरी एडीसी रूपांतरात गुंतलेला असताना एक गेट (‘आता मोज’ असं सांगणारा पल्स) आला, तो टीडीसीने घेतला आणि एडीसीने सोडला. तेव्हापासून प्रत्येक इव्हेंटची ऊर्जा शेजारच्या इव्हेंटच्या वेळेशी जोडली जात होती. लग्नाच्या पंगतीत एक जण उठला आणि सगळी ताटं एक जागा सरकली, तसं.

उपाय दोन, आणि दोन्ही करा. पहिला हार्डवेअरचा. ट्रिगर सुटताक्षणी ट्रिगरच्याच क्रेटमध्ये एक लॅच (सोडेपर्यंत लागून राहणारी खिट्टी) लागला पाहिजे, आणि त्याचा व्हेटो (ट्रिगर अडवणारा सिग्नल) त्या कॉइन्सिडन्सवर ताबडतोब बसला पाहिजे. संगणकाला कळून, त्याने बिझी (‘मी गुंतलोय’ हा सिग्नल) वर करून, तो लांबच्या केबलने परत येईपर्यंत थांबलात तर त्या फटीतून दुसरा ट्रिगर घुसतो. मॉड्यूलांची स्वतःची बिझी आउटपुट एकत्र ओअर करून (एक जरी चालू तरी चालू) त्याच व्हेटोत घाला. वाचन संपल्यावर संगणकाने लॅच सोडावा, त्याआधी कुणीच नाही. दुसरा उपाय सॉफ्टवेअरचा. बफर असलेल्या बऱ्याच मॉड्यूलच्या डेटात इव्हेंट काउंटर असतो. वाचतानाच सगळ्यांचे आकडे जुळवा, आणि एकाचाही जुळला नाही तर रन तिथेच थांबवा. ‘इशारा छापून पुढे जा’ असं लिहू नका. रात्री तीन वाजता इशारे कोण वाचतं?

हा काही आपल्या बाकावरच्या छोट्या प्रयोगाचा चोचला नाही. एलएचसी या प्रोटॉन आदळवणाऱ्या यंत्रात प्रोटॉनांचे गुच्छ दर २५ नॅनोसेकंदांनी आमनेसामने येतात आणि सीएमएस या तिथल्या डिटेक्टरचा पहिला ट्रिगर त्यातून सेकंदाला लाखभरच इव्हेंट पुढे सोडतो. तिथेही डेटाच्या प्रत्येक तुकड्यावर इव्हेंट क्रमांक आणि बंच क्रॉसिंगचा क्रमांक असतो, आणि बफर भरत आले की ट्रिगरला आवर घालायला वेगळी यंत्रणा असते. क्रेट मायक्रोटीसीए या नव्या मानकाचा झाला, बॅकप्लेनवर गिगाबिट आले, तरी ही हिशेबाची वही सुटली नाही.

वही म्हणजे खरोखर वही. एका स्केलरवर कच्चे ट्रिगर, दुसऱ्यावर व्हेटोतून सुटलेले. दुसऱ्याला पहिल्याने भागलं की यंत्रणा किती वेळ जागी होती ते कळतं. कॅमॅकचं एक चक्रच किमान १ मायक्रोसेकंदाचं, त्यावर प्रोग्रामचा वेळ वेगळा. हे गुणोत्तर लिहून न ठेवता रेट काढणारा माणूस स्वतःलाच फसवतो.

गेट उशिरा आला तरी प्लॉट छान दिसतो

चार्ज मोजणाऱ्या एडीसीत गेट पल्सच्या थोडा आधी उघडायला हवा. किती आधी, ते मॅन्युअलमध्ये असतं. डिस्क्रिमिनेटर, कॉइन्सिडन्स, गेट जनरेटर यांच्यातच ३०-४० नॅनोसेकंद जातात, वर केबली. म्हणून ॲनालॉग सिग्नलला दहा-बारा मीटरचा वळसा द्यावा लागतो. वळसा कमी पडला तर एडीसी फक्त शेपूट मोजतो. तरीही डोंगर दिसतो, नुसता डावीकडे सरकलेला. मग लोक पीएमटीचं (प्रकाशाचा विद्युत पल्स करणाऱ्या नळीचं) हाय व्होल्टेज वाढवतात. ते करू नका. ॲनालॉगच्या वाटेत ५ नॅनोसेकंद वाढवून पाहा, शिखर हललं तर दोष गेटचा. वेळ नेहमी मॉड्यूलच्या इनपुटवर मोजा, आउटपुटवर मोजून मनातल्या मनात केबल जोडत बसू नका.

वीज आणि धूळ यांच्याबद्दल थोडक्यात. काही जुन्या निम बिनमध्ये (निमच्या क्रेटमध्ये) ६ व्होल्टची वीज नसतेच, तिथे ती लागणारं मॉड्यूल मेल्यासारखं दिसतं. बिनच्या पुढच्या टेस्ट पॉइंटवर मल्टिमीटर लावायला एक मिनिट लागतो. मुंबईच्या पावसाळ्यात कॅमॅकच्या ८६ पट्ट्यांच्या कडेवर काळपट थर येतो. तो आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, खोडरबर घासू नका, सोन्याचा मुलामा जातो. निम, कॅमॅक, व्हीएमई यांतलं कुठलंही मॉड्यूल वीज चालू असताना ओढू नका. मायक्रोटीसीएत ते चालतं, पण हँडल ओढल्यावर निळा दिवा स्थिर होईपर्यंत हात मागे.

आता रन सुरू करण्याआधीची एक चाचणी, जी मी कधीच चुकवत नाही. २० बाय २० सेंटिमीटरचे दोन पॅडल (पाटीसारखे सपाट डिटेक्टर) एकावर एक ठेवले, तर समुद्रसपाटीला चौरस सेंटिमीटरमागे मिनिटाला साधारण एक म्युऑन (आकाशातून येणारा कण) या हिशेबाने मिनिटाला ४०० च्या आसपास मोजणी यायला हवी. पण डिस्क्रिमिनेटरचा थ्रेशोल्ड (ती ठरावीक उंची) खाली ठेवून प्रत्येक पॅडलचा रेट १० किलोहर्ट्झ झाला आणि पल्स १०० नॅनोसेकंद रुंद ठेवले, तर निव्वळ योगायोगाच्या जोड्याच सेकंदाला २०, म्हणजे मिनिटाला १२०० होतात. थ्रेशोल्ड वर नेऊन रेट ५०० हर्ट्झवर आणला आणि रुंदी ५० नॅनोसेकंद केली की त्याच जोड्या मिनिटाला दीड. म्हणून एका पॅडलचा सिग्नल २०० नॅनोसेकंद उशिरा आणून पाच मिनिटं मोजा. खरे म्युऑन आता जुळूच शकत नाहीत, उरतील त्या योगायोगाच्या. तो आकडा लॉगबुकात लिहा, डिले काढा, आणि रन सुरू करा.