चारीच्या पाण्याची पाळी कशी लावायची
हिडकल धरणाच्या कालव्याचं पाणी चारीला, म्हणजे शेताकडं येणाऱ्या छोट्या पाटाला आलं की वरच्या अंगाचे शेतकरी उसाला दाबून घेतात आणि खालच्याचा मका वाळतो, म्हणून पाणी यायच्या आधीच देवळात बसून पाळी ठरवा. एकराला किती मिनिटं ते वहीत सगळ्यांसमोर लिहा. सुरुवात शेपटाकडनं, म्हणजे चारीच्या शेवटच्या टोकाकडनं करा, तिथं पाणी पोचलं तरच तिथला माणूस पाणीपट्टी भरतो आणि चारीतला गाळ काढायला फावडं घेऊन येतो, हे माझं ठाम मत आहे. पाळीप्रमाणं पाणी सोडणाऱ्या पाटकऱ्याचा पगार सगळ्यांनी मिळून द्या. पाळी नसताना पाणी फोडलं तर दंड पहिल्यांदा लहान, परत फोडलं तर वाढवायचा, एलिनॉर ऑस्ट्रॉम बाईंना २००९ साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, त्यांनाही टिकलेल्या पाणीसंस्थांत हेच दिसलं होतं. दंड ठरवताना वरच्यांनाही बसवा, नाहीतर रात्री दोनला बॅटरी घेऊन बांधावर उभं राहावं लागतंय.