घरी किंवा छोट्या हॉलमध्ये गाण्याची बैठक कशी भरवावी

बैठक करायची ठरली की बहुतेक लोक पहिला फोन साऊंडवाल्याला करतात, आणि तिथेच अर्धं गाणं हातातून जातं. पन्नास-साठ माणसं मावतील एवढ्या खोलीत माईक लागत नाही. लागत नाही म्हणजे नाही. "मागच्यांना ऐकू येणार नाही" असं सांगणारा एक तरी शहाणा कमिटीत असतोच, त्याला बैठकीच्या दिवशी मुद्दाम शेवटच्या रांगेत बसवा.

मी सांगतोय ते ख्याल गायनाच्या बैठकीबद्दल, म्हणजे गायक, तबला, पेटी, दोन तानपुरे. हॉल, क्लबहाऊस, वाड्याची ओसरी, कुठेही चालतं. कलाकार ठरवणं, तारीख घेणं, निमंत्रणं पाठवणं हे सगळ्यांना येतं, त्यात वेळ घालवत नाही. फक्त वेळेचं एक सांगतो. रविवारी सकाळी नऊची बैठक ठेवून बघा. सगळे कार्यक्रम संध्याकाळी असतात त्यामुळे ललत, तोडी, देसकार हे राग समोर बसून ऐकायला फार कमी मिळतात आणि कलाकारालाही ते गायला मनापासून हवे असतात. संध्याकाळी करणार असाल तर सहाला सुरू करा, सातला नको. माईक लावणार असाल तर रात्री दहानंतर ध्वनिक्षेपकाला ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनी मनाई आहे. बंदिस्त सभागृहाला त्यात सूट आहे पण सोसायटीच्या गच्चीला नाही, आणि भैरवी, म्हणजे बैठक संपवताना गातात तो राग, घाईत उरकायला लागली तर सगळ्यांचीच चुटपुट राहते.

जागा बघायला जाताना दोनच गोष्टी बघा. खोलीच्या मधोमध उभं राहून एक टाळी वाजवा. टाळी मागे रेंगाळली, धातूसारखी वाजली, तर फरशी आणि काचा जास्त आहेत, म्हणजे सतरंज्या, गाद्या, जाड पडदे लागतील. अगदीच मेलेली वाटली तर आधीच पडदे-कार्पेट खूप आहे, आणखी काही घालू नका, उलट एखादा पडदा बाजूला सारा. दुसरं म्हणजे दारं-खिडक्या बंद करून दोन मिनिटं गप्प बसा आणि काय काय ऐकू येतंय ते ऐका. पंप, लिफ्ट, खालचं किराणा दुकान, सगळं तेव्हा कळतं.

आता आवाज. इथेच सगळे फसतात. मलाही ही गोष्ट नीट जमायला खूप काळ लागला, कारण सल्ले देणारे सगळे मोठ्या मंडपातले अनुभव सांगत होते. सवाई गंधर्व महोत्सव भीमसेन जोशींनी १९५३ मध्ये आपल्या गुरूंच्या स्मरणार्थ पुण्यात सुरू केला, आज तिथे मंडपात हजारोंनी माणसं बसतात, तिथे स्पीकर हवेतच, त्याबद्दल वाद नाही. पण वर्षानुवर्षं तो आवाज ऐकून आपल्याला वाटायला लागतं की गाणं असंच ऐकू यायला हवं, डग्गा छातीत घुमणारा आणि गायकाचा श्वाससुद्धा मोठा करून ऐकवणारा. बैठकीत गाणं तसं ऐकू येत नाही आणि येऊही नये. तिथे आवाज माणसाच्या गळ्यातून थेट तुमच्यापर्यंत येतो, गायक हळू झाला की तुम्ही पुढे झुकता, आणि ते पुढे झुकणं साऊंडवाल्याने फेडर (आवाज कमी-जास्त करायची पट्टी) वर केल्यावर होत नाही.

सुरुवात गायकाच्या पट्टीपासून करा, म्हणजे पेटीच्या कुठल्या काळ्या-पांढऱ्या पट्टीला तो सा धरतो तिथपासून. कलाकाराला फोन करून "कुठून गाता?" एवढं विचारा आणि ते तबलजी आणि पेटीवाले दोघांनाही त्याच दिवशी कळवा. काळी एक म्हणाले तर तबला वेगळा, गायिका काळी चार किंवा काळी पाच म्हणाल्या तर मोठ्या तोंडाचा तबला लागतो. "ते आणतील त्यांचं त्यांचं" असं गृहीत धरू नका, गावाबाहेरून बसने येणारा तबलजी चार तबले उचलून आणत नाही.

मग जुळवण्याचा क्रम. आधी पेटी, मग तानपुरे, मग तबला. कारण सोपं आहे, पेटी जागेवर कमी-जास्त करता येत नाही, बाकी दोन्ही करता येतात. पुष्कळ लोक मोबाईलमधला तानपुरा लावून त्यावर खरे तानपुरे जुळवतात आणि मग पेटी आली की सगळं किंचित वर-खाली वाटतं आणि कुणालाच कळत नाही काय बिघडलंय. पेटी अ‍ॅपशी तंतोतंत जुळेल असं नाही, जुनी पेटी तर थोडी चढीच असते कित्येकदा. म्हणून पेटीचा सा धरा आणि तिथून पुढे चला.

तानपुरे खरे हवेत, दोन हवेत. इलेक्ट्रॉनिक पेटारा रियाजाला उत्तम आहे, पण विनामाईकच्या खोलीत स्पीकरमधून येणारा तो एकसुरी आवाज आणि समोरून येणारा खरा गळा एकमेकांत मिसळत नाहीत. ओळखीत कुणाकडे तानपुरा नसेल तर गायकालाच विचारा, बहुतेक वेळा शिष्य घेऊन येतात आणि तेच मागे बसतात. विकतच घ्यायचा असेल तर मिरजेला जाऊन, वाजवून बघून घ्या, मिरजेच्या सतार-तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय ते उगाच नाही. नवीन तारा घालायच्या असतील तर निदान दोन-तीन दिवस आधी घाला, आदल्या रात्री घातलेली तार दुसऱ्या दिवशी सारखी उतरत राहते. जुळवताना तार आधी थोडी उतरवायची आणि मग खालून वर चढवत सुरावर आणायची, वरून खाली आणलेली तार टिकत नाही. बारीक फरक तारेत ओवलेल्या मण्यांनी. आणि जवारीच्या दोऱ्याला, म्हणजे घोडीवर तारेखाली असतो त्या दोऱ्याला, ज्याला कळतं त्यानेच हात लावायचा, ज्याला "थोडं कळतं" त्याने मुळीच नाही. पहिली तार पंचमाला की मध्यमाला की निषादाला ते राग ठरवतो, मालकंसात पंचमच नाही, त्यामुळे ते गायकावर सोडा.

आता हवा, जिचा विचार कुणीच करत नाही. तानपुरे जुळले, लोक आले, गरम व्हायला लागलं, कुणीतरी उत्साहाने एसी लावला की पंधरा मिनिटांत तारा चढतात. गारव्याने तार आक्रसते, सूर वर जातो. तबल्याचं चामडं दमट हवेत सैल पडतं आणि कोरड्या गार हवेत ताणलं जातं. म्हणजे तानपुरे आणि तबला आपापल्या वाटेने, आणि पेटी आहे तिथेच. उपाय एकच, एसी लावायचा असेल तर दोन तास आधी लावा, वाद्यं गवसणीतून काढून त्याच खोलीत ठेवा, आणि मग शेवटपर्यंत रिमोट कुणाच्याही हातात देऊ नका. मी रिमोट माझ्याच खिशात ठेवतो. कलाकाराच्या डोक्यावरचा पंखा बंद, तो आवाज अक्षरशः कापतो.

फ्रिजही बंद करा, हो, फ्रिज. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे फ्रिज, ट्यूबलाइटचा जुना चोक, स्टॅबिलायझर हे सगळे साधारण १०० हर्ट्झला गुणगुणतात. काळी एकमधून गाणाऱ्याच्या तानपुऱ्याचा पंचम असतो १०४ च्या आसपास. म्हणजे पंचमाच्या बरोबर शेजारी, जरा खाली, एक बेसूर तार तुमच्या स्वयंपाकघरात अख्खी मैफल वाजत राहते. गायकाला ती ऐकू येते, त्याला कळत नाही नेमकं काय खुपतंय पण तो सारखा मागे वळून तानपुऱ्याकडे बघत राहतो आणि शिष्य बिचारे पुन्हा पुन्हा तार बघतात. तीन तास फ्रिज बंद राहिल्याने दूध नासत नाही, दार उघडू नका म्हणजे झालं.

तबला जड होतोय ही विनामाईक बैठकीतली खरी अडचण, ती नाकारण्यात अर्थ नाही. त्यावर माईक हा उपाय नाही. कलाकारांना पोकळ प्लायच्या स्टेजवर बसवू नका, डग्गा त्या पोकळीत घुमतो. जमिनीवर दोन जाड गाद्या, वर चादर, एवढंच पुरे. तबलजीच्या मागे उघडी भिंत किंवा काच नको, जाड पडदा असेल अशा बाजूला बसवा. आणि गाणं सुरू व्हायच्या आधी तबलजींना आदराने सांगा की आज माईक नाहीये. चांगल्या तबलजीला एवढं पुरतं, तो हात आपोआप आवरतो, ठेका असा लावतो की बोलाचा शब्द न् शब्द ऐकू येतो. सतार असेल तर हे जास्तच सांगायला लागतं, आणि रुद्रवीणा, म्हणजे फार हळू आवाजाचं तंतुवाद्य, ठेवणार असाल तर वीस-पंचवीसपेक्षा जास्त लोक बोलवूच नका.

शंभरच्या वर माणसं असतील, हॉल लांबट असेल, तर ठीक आहे, माईक लावा. पण साऊंडवाल्याला आधीच सांगून ठेवायचं: इको पूर्ण बंद, बेस वाढवायचा नाही, तबल्याला लागलाच तर अगदी नावाला माईक, आणि कलाकारासमोर मॉनिटर (त्याला स्वतःला ऐकू येण्यासाठीचा स्पीकर) हवाच, त्यात तानपुरा ऐकू यायला हवा. साऊंडवाला पडद्यामागे बसणार नाही, श्रोत्यांमध्ये बसेल. रिकाम्या हॉलमध्ये ठरवलेला आवाज माणसं भरली की कमी वाटतो, तेव्हा पहिली दहा मिनिटं हळूच वाढवायचा, एकदम नाही. गायक बोट वर करून खूण करतो ती बहुतेक वेळा मॉनिटरसाठी असते, बाहेरच्या स्पीकरसाठी नाही. हे न कळल्यामुळे साऊंडवाला बाहेरचं वाढवतो, गायकाला आत काहीच फरक पडत नाही, तो परत खूण करतो, हा परत बाहेरचं वाढवतो, आणि विलंबित (संथ लयीतला पहिला ख्याल) संपेपर्यंत लोक कानावर हात ठेवून बसलेले असतात.

हे सगळं लोक यायच्या तासभर आधी झालेलं असलं पाहिजे. तरीसुद्धा कलाकार बसल्यावर पुन्हा जुळवणार, जुळवू द्या. कुमार गंधर्व तानपुरे जुळवण्याबाबत किती काटेकोर होते हे जुन्या श्रोत्यांना माहीत आहे. तानपुरे जुळत असताना निवेदकाने माईक किंवा तोंड उघडायचं नाही. कलाकाराची ओळख ते बसायच्या आधीच करून द्या, दोन मिनिटांत. दीपप्रज्वलन, प्रमुख पाहुणे, प्रायोजकांचे आभार यातलं काहीही घरच्या बैठकीत नको, लोक गाणं ऐकायला आलेत.

बसण्याची व्यवस्था सोपी आहे. गायकाच्या उजव्या हाताला तबला, डाव्या हाताला पेटी, तानपुरे मागे. श्रोत्यांची पहिली रांग चार फुटांवर, लांब नको, गायकाला चेहरे दिसायला हवेत. गुडघेवाल्यांना खुर्च्या भिंतीच्या कडेने. चपला बाहेर, पॉलिथिनच्या पिशव्या आत नकोत.

मोबाईल बंद करायला सांगा एकदाच, पण स्पष्ट. रेकॉर्डिंगचं कलाकाराला आधी विचारा, नाही म्हणाले तर नाही, मग "फक्त घरच्यांसाठी" करतोय वगैरे नको. बंदिश चालू असताना चहाचे ट्रे फिरवायचे नाहीत. चहा मध्यंतरात, आणि मध्यंतर एकच. कलाकाराजवळ कोमट पाण्याचा थर्मास झाकण सैल करून ठेवा. जेवण गाण्यानंतर, आधी बहुतेक कुणी जेवत नाही, आग्रह करू नका.

फर्माईश. चिठ्ठ्या पाठवू देऊ नका, निदान पहिला राग संपेपर्यंत तरी नाही. एक ख्याल तब्येतीत मांडायला तास-सव्वा तास लागतो, आणि पाऊण तासात पुढे "नाट्यपद होऊन जाऊ दे" अशी चिठ्ठी आली की गायक मनाने तिथून उठतो. मध्यंतरानंतर एखादं नाट्यपद किंवा अभंग सुचवायला हरकत नाही, तेही यजमानानेच, एकदाच. भैरवी झाली की झालं, "अजून एक" म्हणायचं नाही.

शेवटचं म्हणजे पाकीट. तिघांचंही मानधन आधी ठरवा आणि तिघांनाही वेगवेगळं द्या, तबलजी आणि पेटीवाल्यांचे पैसे मुख्य कलाकाराच्या पाकिटात घालून मोकळे होऊ नका. गाणं संपल्यावर पंधरा मिनिटांच्या आत, कोपऱ्यात, लोकांसमोर नाही. प्रवासाचे पैसे वेगळे. तानपुऱ्यावर बसलेल्या मुलांना निदान जेवायला आधी वाढा, तीन तास ती पाठ ताठ ठेवून बसलेली असतात. परत सोडायला गाडी ठरवताना तानपुरे मागच्या सीटवर आडवे मावतील एवढी मोठी बघा, डिकीत भोपळा दाबून घालायचा नाही, आणि वाद्यं गाडीत ठेवायच्या आधी तारा थोड्या उतरवल्यात ना हे शिष्यांना विचारून घ्या.