बुटीक सजवताना या चुका टाळा: झुंबर नंतर, ट्रायल रूम आधी

इंदूरच्या एम. टी. क्लॉथ मार्केटात किंवा शीतलामाता बाजारात सौदा गादीवर ठरतो: साड्यांचा ढीग उलगडला जातो, घासाघीस होते, पिशवी हातात पडते. पलासिया, साकेत भागातल्या महागड्या बुटीकमध्ये तो ठरतो ट्रायल रूमच्या आरशासमोर. तरी बजेट दर्शनी भिंत, झुंबर आणि इटालियन मार्बल खाऊन टाकतात, आणि ट्रायल रूम उरलेल्या कोपऱ्यात, उरलेल्या प्लायमध्ये उरकली जाते. नकाशात आधी तीच आखा.

आतून किमान ४ × ४ फूट हवी. लेहंगे, अनारकली विकणार असाल तर ५ × ५. साडेतीन फुटांत घेरदार लेहंगा घालून वळताच येत नाही, मागची बाजू बघणं तर सोडाच. तीन हूक लावा: अंगावरचे कपडे, घालून बघायचे, नको असलेले. पर्स ठेवायला १८ इंच उंचीचं बाकडं. पडदा असेल तर दोन्ही बाजूंनी ६ इंच जास्तीचा हवा. आरसा दारासमोर नको. दार उघडताच बाहेरच्याला आतलं प्रतिबिंब दिसत असेल तर ती बाई पुन्हा येणार नाही.

‘इथल्या आरशात मी जाड दिसते’ ही तक्रार हसण्यावारी नेऊ नका. ४ मिमीचा आरसा थेट ओबडधोबड भिंतीवर चिकटवला की वाकतो. मागे १२ मिमी प्लायची सपाट पाठ द्या, त्यावर ५ किंवा ६ मिमीचा आरसा बसवा आणि ओळंबा लावून बघा. सिलिकॉन न्यूट्रल प्रकारचं घ्या; व्हिनेगरसारखा आंबट वास येणारं सिलिकॉन आरशामागचा चंदेरी थर खातं आणि काठ काळे पडतात. तांबूस छटेचा आरसा फार तर कॅश काउंटरमागे लावा. ट्रायल रूममध्ये तो कापडाचा रंगच बदलतो.

प्रकाशात सगळ्यात जास्त चुका होतात. डोक्यावर एकच डाउनलाइट असला की डोळ्यांखाली आणि हनुवटीखाली सावल्या पडतात. बाईला नवा कपडा दिसण्याआधी स्वतःचा थकलेला चेहरा दिसतो. आरशाच्या दोन्ही बाजूंना, जमिनीपासून ३ ते ६ फुटांच्या पट्ट्यात, दुधी कव्हरचे उभे दिवे लावा.

दुकानात राणी रंग घेतला आणि बाहेर विटका दिसला, तर आधी दिव्याचं खोकं बघा. सीआरआय, म्हणजे दिव्याखाली रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा, ९० किंवा जास्त हवा. आर-९ चा आकडाही विचारा, कारण लाल, राणी, मरून हे रंग त्यावर ठरतात; तो ५० च्या खाली असेल तर दिवा परत करा. ३००० केल्विनच्या पिवळसर उजेडात साडीची जर खुलते, पण पांढरा पिवळट आणि निळा मंद दिसतो. दुकानभर ३५०० ते ४००० यांपैकी एकच छटा ठेवा. दोन-तीन छटांचा मिश्र प्रकाश सर्वांत वाईट. ओढणी आत जुळते आणि उन्हात वेगळी पडते, याचं कारण दोन कापडांचे रंग वेगवेगळ्या रसायनांचे असतात. म्हणून दाराजवळ दिवसाच्या उजेडात कापड धरून बघायला जागा मोकळी सोडा. फिकट गुलाबी भिंत फोटोत छान, पण तिचा गुलाबीपणा पांढऱ्या कुर्त्यावर चढतो. ऑफ-व्हाइट बरा.

ट्रॅक लाइटचा झोत उभ्या रेषेपासून साधारण ३० अंशांवर ठेवा; जास्त कलला की डोळ्यांत जातो. स्वस्त ड्रायव्हरचे (एलईडीला वीज पुरवणाऱ्या भागाचे) दिवे डोळ्यांना ठीक वाटतात, पण मोबाइलच्या व्हिडिओत काळे पट्टे सरकतात. विकत घेण्याआधी स्लो मोशनमध्ये तपासा. हल्ली निम्मी जाहिरात गिऱ्हाइकाच्या मोबाइलवरच होते. चंदेरी साडीच्या तलमपणाला मागून मंद उजेड द्या. समोरून दणदणीत स्पॉट मारला की ती सपाट दिसते.

पश्चिमेकडे तोंड असलेली शोकेस आणि एप्रिल-मेमधलं इंदूरचं चाळिशीपार ऊन ही जोडी रेशमाला मारक आहे. यूव्ही फिल्म लावाच, पण तिने रंग उडणं फक्त लांबतं, थांबत नाही. पुतळ्यावरचे कपडे आठवड्याला बदला, महागडी माहेश्वरी साडी तिथे ठेवूच नका.

सुताराला आकडे लिहून द्या. हँगर साधारण १७ इंच रुंद असतो, म्हणून कपाटाची खोली २४ इंच. १८ इंचांत खांदे चुरगळतात आणि दार लागत नाही. गाऊनसाठी रॉड ७२ इंचांवर. २५ मिमीच्या पाइपला दर ३ फुटांवर आधार द्या, नाहीतर वजनदार लेहंग्यांनी तो मधोमध वाकतो. पावसाळ्यात ओल धरणाऱ्या भिंतीपासून कपाट इंचभर दूर. जाण्यायेण्याची वाट ३ फुटांपेक्षा अरुंद नको.

नव्या कपाटांची दारं किमान १५ दिवस उघडी ठेवा. पॉलिश आणि गोंदाची वाफ बंद कप्प्यात साठली की कपड्यांना वास लागतो. जरीच्या साड्यांना रबरबँड लावू नका. रबरातल्या गंधकाने चांदीची जरी काळी पडते. एसीचा झोत टांगलेल्या कपड्यांवर येत असेल तर त्याच्या तोंडावरच्या पट्ट्या (लूव्हर) वर वळवा. काच आणि दिवे भरपूर असतील तर १०० ते १२० चौरस फुटांना एक टन धरा, आणि एसी व दिव्यांना वेगळे एमसीबी (जादा भार आला की वीज तोडणारे स्विच) द्या.