डॅशबोर्डला चकाकी नको, संरक्षण हवं

डॅशबोर्डचं पॉलिश घेताना बाटलीतला द्रव बघा. दुधासारखा पांढरा असेल तर ते बहुधा पाण्यावर आधारित असतं. व्हिनाइल आणि प्लास्टिकसाठी हेच घ्या. पारदर्शक, तेलकट, रॉकेलसारखा वास येणारं सहसा टायरसाठीचं. ते आत लावलं की चिकटपणा राहतो, धूळ बसते आणि उन्हात डॅशबोर्डची चमक समोरच्या काचेवर पडून रस्ता नीट दिसत नाही. म्हणून लेबलवर ‘मॅट’ (बिनचकाकीचं) किंवा ‘नॅचरल फिनिश’ आणि ‘यूव्ही’ (उन्हातले अतिनील किरण) संरक्षण हे दोन्ही शोधा.

आधी ओल्या मायक्रोफायबरने धूळ पुसा, नाहीतर मळच पॉलिशखाली बसतो. गाडी सावलीत, डॅशबोर्ड गार असावा; तापलेल्या प्लास्टिकवर द्रव लगेच सुकून डाग पडतात. फवारा थेट मारू नका, स्क्रीन आणि बटणांत जातो. कापडावर दोन-तीन फवारे पुरतात. दोनेक मिनिटांनी कोरड्या कापडाने जादाचं पुसून घ्या. बोट फिरवून निसरडं लागलं, तर जास्त झालंय.

स्टिअरिंग, पेडल, गिअर नॉब आणि रबरी मॅटना मात्र अजिबात नाही. पेडलवरून पाय घसरला तर काय होईल, वेगळं सांगायला नको.