बीएमएक्सवरून स्ट्रीट ट्रायल्सकडे: पहिली सायकल कशी निवडावी

बीएमएक्स, म्हणजे २० इंची चाकांची कसरतीची सायकल, चालवणाऱ्याची बहुतेक कसरत वेगावर उभी असते. आधी वेग घ्यायचा, मग उडी मारायची आणि हवेत असताना शरीराच्या झोक्याने दिशा सांभाळायची, अशी त्याची सवय झालेली असते. ट्रायल्स, म्हणजे पाय न टेकवता अडथळ्यांवरून सायकल नेण्याचा खेळ; त्यात सायकल जागच्या जागी थांबवून, ब्रेक घट्ट धरून, मागच्या चाकावर तोल सावरत पॅडलच्या एका फटक्यात समोरच्या कठड्यावर जायचे असते. स्ट्रीट ट्रायल्स हा या दोहोंच्या मधला प्रकार आहे. एप्रिल २००९ मध्ये स्कॉटलंडच्या डॅनी मॅकॅस्किलने एडिनबरा शहरातील कठडे, जिने आणि लोखंडी कुंपणांवर केलेल्या कसरतींचे चित्रण इंटरनेटवर आले आणि स्पर्धेच्या आखलेल्या टप्प्यांबाहेर, भर शहरात चालणारा हा प्रकार जगभर पोहोचला. त्याच्या कसरतींत थांबून मारलेल्या उड्या जितक्या होत्या, तितकाच वेगातला मोकळेपणाही होता. बीएमएक्सवाल्याला हा प्रकार चटकन आपलासा वाटतो तो त्यामुळेच, आणि सायकल निवडताना त्याची गल्लतही बहुधा येथेच होते.

म्हणून खरेदीपूर्वी बीएमएक्समधले काय टिकवायचे आहे, हे आधी ठरवावे. बनी हॉप (दोन्ही चाके उचलून मारलेली उडी), मॅन्युअल (पॅडल न मारता मागच्या चाकावर चालणे), एकशे ऐंशी व तीनशे साठ अंशांच्या गिरक्या आणि फेकी (सायकल उलटी, मागे चालवणे) यांचा आनंद कायम ठेवून त्यात मागच्या चाकावरच्या उड्यांची भर घालायची असेल, तर पुढचे विवेचन त्यासाठीच आहे. पेग (धुरीच्या टोकाला बसवायची नळी) लावून कठड्यावर घसरणे आणि लागोपाठ बारस्पिन (हँडल पूर्ण गोल फिरवणे) करणे हाच ज्यांचा प्राण आहे, त्यांनी बीएमएक्स विकू नये, कारण त्या दोन गोष्टी ट्रायल्स सायकल मनासारख्या करू देणार नाही.

पहिला निर्णय चाकाच्या मापाचा. स्पर्धेच्या ट्रायल्स सायकली २० आणि २६ इंची असतात, तर स्ट्रीट ट्रायल्समध्ये २४ इंची चाक रुळले आहे; इन्स्पायर्ड या ब्रिटिश कंपनीची फोरप्ले ही त्याचे सर्वांत परिचित उदाहरण आहे. बीएमएक्सही २० इंची असल्यामुळे नवखा माणूस साहजिकच २० इंची ट्रायल्स सायकलीकडे वळतो, पण हे साम्य फसवे आहे. स्पर्धेच्या त्या सायकलीचे पुढचे चाक तेवढे २० इंची असते; मागे १९ इंची रिमवर जाड टायर बसवलेला असतो, सीट नसते, दोन चाकांमधले अंतर बीएमएक्सपेक्षा बरेच जास्त असते आणि शरीराचा भार पुढे झुकलेला राहतो. तिच्यावर बीएमएक्सची गिरकी जड वाटते, आणि एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जाईपर्यंत पाय भरून येतात. २६ इंची सायकल उंच कडांवर सहज चढते, मोठ्या अंगाच्या स्वाराला ती सोयीची पडते, पण हवेत ती फिरवायला कष्ट पडतात. प्रौढ बीएमएक्स स्वाराने, फार मोठे कारण नसेल तर, २४ इंची चाक आणि खाली बसवलेली छोटी सीट असलेली सायकलच घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

यानंतर फ्रेमची मापे येतात, आणि त्यांत बॉटम ब्रॅकेटच्या (पॅडलचे दांडे फ्रेममध्ये जिथे फिरतात त्या जागेच्या) उंचीचा आकडा सर्वांत जास्त गोंधळात पाडतो. बीएमएक्सच्या माहितीत ही उंची जमिनीपासून मोजून दिलेली असते, साधारण ११.५ ते ११.८ इंच, म्हणजे २९० ते ३०० मिलिमीटर. ट्रायल्स फ्रेमच्या माहितीत मात्र चाकांच्या धुरीच्या रेषेपेक्षा बॉटम ब्रॅकेट किती वर आहे, तेवढेच सांगितलेले असते. २.३ इंची टायर चढवलेल्या २० इंची चाकाची त्रिज्या २६० मिलिमीटरच्या आसपास असते. त्यामुळे बीएमएक्सचा बॉटम ब्रॅकेट मुळातच धुरीच्या सुमारे ३० ते ४० मिलिमीटर वर असतो. तसाच टायर असलेल्या २४ इंची चाकाची त्रिज्या सुमारे ३१० मिलिमीटर भरते. तेव्हा माहितीत ‘अधिक १०’ (मिलिमीटर) असा आकडा दिसला, तर तो बीएमएक्सच्या तुलनेत कमी भासला तरी पाय जमिनीपासून ३२० मिलिमीटरवर, म्हणजे नेहमीपेक्षा दोन-तीन सेंटिमीटर उंच असणार. म्हणून प्रत्येक फ्रेमसाठी चाकाची त्रिज्या मिळवून जमिनीपासूनची उंची काढावी आणि तिचीच तुलना करावी. उंच बॉटम ब्रॅकेटमुळे मागच्या चाकावर उभे राहणे सोपे होते, कमी उंचीमुळे मॅन्युअल आणि वळणे स्थिर होतात. बीएमएक्सवरून येणाऱ्याने धुरीच्या रेषेच्या जवळपास असलेली उंची निवडावी. स्पर्धेच्या २६ इंची फ्रेमवर ती बरीच वर गेलेली असते, आणि तिथे फेकी व मॅन्युअल नव्याने शिकावे लागतात.

मागच्या धुरीपासून बॉटम ब्रॅकेटपर्यंतचे अंतर २४ इंची चाकामुळे बीएमएक्सपेक्षा थोडे वाढणारच, तेव्हा उपलब्ध फ्रेमपैकी आखूड अंतराची निवडावी, एवढे पुरे. हँडलबार आणि स्टेम (हँडलबार सायकलीला जोडणारा तुकडा) यांचा विचार एकत्र करावा. बीएमएक्सचा बार आठ ते दहा इंच उंच आणि स्टेम आखूड असतो, तर स्पर्धेच्या ट्रायल्स सायकलीचा बार बुटका आणि स्टेम लांब, वर झुकलेला असतो. लांब स्टेममुळे पुढचे चाक कठड्यावर नेमके टेकवता येते, पण भार पुढे जातो आणि गिरकी मंदावते. सुरुवातीला तुलनेने उंच बार आणि आखूड स्टेम घ्यावा. पुढे शैली बदलली, तर स्टेम हा सायकलीवरचा सर्वांत स्वस्तात बदलता येणारा भाग आहे.

आता ज्या गोष्टीकडे बीएमएक्सवाले सर्वांत कमी लक्ष देतात त्या गिअरकडे वळू. बीएमएक्सवर पुढे २५ आणि मागे ९ दात ही जोडी सर्वत्र आढळते. पॅडलच्या एका फेऱ्यात सायकल सुमारे साडेचार मीटर पुढे जाते. थांबलेल्या अवस्थेतून मागच्या चाकावर उसळी घ्यायची असेल, तर इतक्या जड गिअरवर ताकद वाया जाते. २४ इंची चाकावर पुढे २२ आणि मागे १६ दात असतील, तर एका फेऱ्यात साधारण २.६५ मीटर अंतर कापले जाते. मागे १४ दात ठेवले तर तीन मीटर. या दोन जोड्यांच्या दरम्यान राहिल्यास उसळीही मिळते आणि रस्त्यावर थोडा वेगही टिकतो.

पण गिअर हलका केला की हबमधली (चाकाच्या मधल्या भागातली) पोकळ चाल, म्हणजे पकड येण्याआधी पॅडलचे रिकामे फिरणे, अधिक जाणवू लागते, आणि हे गणित समजून घेणे फार मोलाचे आहे. मागच्या हबला ३६ ठिकाणी पकड असेल, तर दोन पकडींमध्ये १० अंश जातात. २५:९ गिअरवर ते १० अंश पॅडलपाशी केवळ ३.६ अंश होतात, त्यामुळे बीएमएक्सवर असा हब उत्तम वाटतो. तोच हब २२:१६ गिअरवर लावला, तर पॅडल ७ अंशांहून अधिक रिकामे फिरते, आणि मागच्या चाकावर तोल सावरताना, जिथे अर्ध्या क्षणात पॅडलने धक्का द्यायचा असतो, तिथे ही पोकळी माणसाला खाली आणते. बीएमएक्सइतकाच तत्पर प्रतिसाद हवा असेल, तर हबला ७२ पकडी लागतात. क्रिस किंग कंपनीचा नावाजलेला हब नेमका तेवढ्याच पकडींचा आहे. फ्रीकोस्टर (सायकल मागे जाताना पॅडल न फिरवणाऱ्या) हबचा विचार सोडून द्यावा, कारण त्यात हेतुपूर्वक ठेवलेली पोकळ चाल ट्रायल्सच्या थेट विरोधात जाते.

अनेक ट्रायल्स सायकलींवर फ्रीव्हील (पॅडल थांबवले तरी चाक फिरू देणारा भाग) मागच्या हबमध्ये नसून क्रँकवर (पॅडलच्या दांड्यावर) असते. त्यामुळे मागचा हब साधा, हलका आणि मजबूत होतो. मात्र फ्रीव्हील थेट क्रँकवर असल्यामुळे गिअरचा लाभ मिळत नाही. ७२ पकडींच्या पुढच्या फ्रीव्हीलवर पॅडलपाशी पूर्ण ५ अंश जातात, तर तितक्याच पकडींच्या मागच्या हबवर २२:१६ गिअरने साडेतीनच्या आसपास. शिवाय पॅडल थांबवले तरी चाक फिरते आहे तोवर चेन फिरतच राहते, आणि सैल पँट किंवा बुटाची नाडी तिच्यात ओढली जाण्याचा धोका असतो. वेगात चालवणाऱ्या बीएमएक्स स्वाराला मागच्या हबची रचनाच मानवते.

ब्रेकच्या बाबतीत काटकसर करू नये. बीएमएक्सवर एकच ब्रेक असतो किंवा मुळीच नसतो. येथे दोन्ही ब्रेक एका बोटाने चाक पूर्ण जखडणारे हवेत. पुढचा ब्रेक पहिल्या दिवसापासून वापरावा लागतो, आणि ज्यांनी तो कधी लावलाच नाही, त्यांना सर्वांत मोठा बदल हाच जाणवेल. मागुरा एचएस३३ हा रिमवर चालणारा हायड्रॉलिक ब्रेक या खेळात वर्षानुवर्षे वापरात आहे. त्याची पकड वाढावी म्हणून रिम ग्राइंडरने खरखरीत करतात. तो अत्यंत कडक धरतो, पण रिम वाकला की बिघडतो आणि चिखलपाण्यात त्याचा भरवसा कमी होतो. स्ट्रीटवर चाक वारंवार आपटते, तेव्हा दोन्हीकडे डिस्क ब्रेक घेणे श्रेयस्कर. काही फ्रेमवर दोन्ही प्रकारच्या ब्रेकची जागा असते. अशी फ्रेम मिळाली तर तिला पसंती द्यावी. हायड्रॉलिक नळ्यांमुळे हँडल मनसोक्त फिरत नाही. नळी लांब ठेवली तर एखादा बारस्पिन जमतो, पण नंतर तो उलटा सोडवावा लागतो.

जुन्या सायकलीतून नव्या सायकलीवर फारसे काही जात नाही. पॅडल आणि ग्रिप चालतात. चाके, क्रँक आणि बार बहुधा चालत नाहीत, कारण मागच्या धुरीची रुंदी, बॉटम ब्रॅकेटची पद्धत आणि स्टेमची पकड वेगळी असते. टायर २.३ ते २.५ इंच रुंद असावा, उदाहरणार्थ मॅक्सिसचा होली रोलर. हवा बीएमएक्सपेक्षा बरीच कमी ठेवावी, इतकी की उतरताना टायर दबेल पण रिम जमिनीला लागणार नाही. नडगीचे संरक्षक पॅड आणि हेल्मेट हे खर्चात आधीच धरावेत.

वापरलेली सायकल पाहताना ॲल्युमिनियमच्या फ्रेमवर विशेष लक्ष द्यावे, कारण बीएमएक्सच्या क्रोमोली पोलादासारखी ती वाकून इशारा देत नाही. पुढच्या नळीजवळचे सांधे, डिस्क ब्रेकची बैठक आणि मागच्या धुरीच्या खाचा भर उजेडात, रंगावर केसाएवढी रेघ दिसते का, हे शोधत तपासाव्यात. चेन कितीही चांगली दिसली तरी ती बदलावीच. उसळी घेताना तुटलेली चेन स्वाराला थेट कठड्यावर आदळते. मग मागचा ब्रेक दाबून सायकल पुढे ढकलून पाहावी: टायर फरफटत गेला तर ब्रेक ठीक, चाक हळूच फिरले तर पॅड किंवा नळीतले तेल तपासायला हवे. शेवटी ब्रेक धरून, पॅडलवर उभे राहून पूर्ण वजन अनेकदा टाकावे. हब किंवा फ्रीव्हील एकदा जरी सटकले, तरी ती सायकल त्या किमतीला घेऊ नये.

महाराष्ट्रातून परदेशी दुकानाकडे मागणी नोंदवणाऱ्याने सायकलीच्या किमतीत वाहतूक आणि सीमाशुल्क मिळवूनच दोन सायकलींची तुलना करावी. लहान मुलांच्या सायकलींमुळे २४ इंची ट्यूब आपल्याकडे सहज मिळतात, रुंद आणि दणकट टायर मात्र सोबतच मागवावेत. ब्रेकमध्ये कोणते तेल लागते, हेही खरेदीपूर्वी विचारावे. होपसारख्या ब्रेकला लागणारे डॉट तेल मोटारसायकलच्या सुट्या भागांच्या दुकानात मिळते, तर मागुरा आणि शिमानो यांना खनिज तेल लागते. एकाच्या जागी दुसरे घातले, तर आतले रबरी सील फुगून ब्रेक निकामी होतो. ब्रेक पॅडचे दोन संच, नळी जोडण्याचे सुटे भाग आणि एक जादा चेन त्याच पार्सलमध्ये मागवावी.