परदेशातून ख्रिस्ती सेवेला कुटुंब येतंय? मंडळीने, म्हणजे गावच्या चर्चने, या चुका टाळा

पहिली चूक कागदाची. पर्यटक व्हिसावर धर्मप्रचार चालत नाही. मिशनरी व्हिसा वेगळा असतो. 'दोन शब्द बोला ना' असा आग्रह करून आपणच पाहुण्याला गोत्यात आणतो. परदेशी माणूस घरी उतरला की २४ तासांत ऑनलाइन कळवायचं, ही जबाबदारीही यजमानाची.

भाषेची चूक मी स्वतः केली आहे. नवापूर तालुक्यातल्या एका पाड्यावर मी परदेशी ताईंची साक्ष, म्हणजे त्यांच्या विश्वासाचा अनुभव, छान पुस्तकी मराठीत उलगडून सांगत होते. पुढे बसलेली म्हातारी तासभर मान डोलवत होती. प्रार्थना संपल्यावर तिने माझा हात धरला आणि मावचीत, तिथल्या बोलीत, विचारलं, "त्या बाईची आई आहे का गं अजून?" ताई तासभर आईच्या मरणाचंच सांगत होत्या. त्या दिवसापासून मी सोबत मावची बोलणारी बाई असल्याशिवाय उभी राहत नाही.

मराठी शिकून आलेल्यालाही इथे धुळे-नंदुरबारकडे पुन्हा पहिलीत बसावं लागतं. साक्री-शिरपूरकडे अहिराणी, नवापूरकडे मावची, धडगावकडे पावरी. म्हणून त्यांना इंग्रजी येणाऱ्या दोन पोरांच्या हवाली करू नका. किराणा त्यांनाच आणू द्या. दुकानदाराला 'कसं शे भाऊ?' विचारलं की पुढचं तोच शिकवतो.

कार्यक्रम ठरवताना गाव बघा. दिवाळीनंतर नंदुरबारकडची कितीतरी कुटुंबं ऊसतोडीला गुजरातेत जातात. जानेवारीत बायबल प्रशिक्षण ठेवलं तर समोर म्हातारे आणि शेळ्याच असणार. मे महिन्यात दुपारची सभा नकोच, आपल्याच माणसांना ते ऊन सोसत नाही.

पैसे त्यांच्या हातून वाटू नका. एकदा वाटले की लोक साक्ष ऐकायला येत नाहीत, पाकीट बघायला येतात, आणि आमिष दाखवून धर्मांतराचा आरोप गावच्या मंडळीवर येतो. पाहुणे उघड्या पोरांचे फोटो काढू लागले तर तिथेच थांबवा. आईबापांना विचारायला लावा.

सगळ्यात जास्त जीवाला लागते ती चूक म्हणजे त्यांना कायम पाहुणा ठेवणं: वेगळी खुर्ची, ब्रेड, बाटलीचं पाणी. पाणी उकळून द्या, पण भाकरी आपल्याच ताटातली द्या. आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, गावात लेकी माहेरी येतात, तेव्हा या परदेशी बायका खोलीत एकट्या असतात. त्या ताईंना मी पुढच्या आखाजीला घरी बोलावलं. खापरावर मांडा (मोठी पुरणपोळी) टाकताना त्यांचा पहिला फाटला, दुसराही फाटला. आमच्या आईने तिसऱ्याला त्यांचे हात धरले.