ऑफिसचा बॅकअप: आधी रिस्टोर ठरवा, मग डिस्क घ्या

"आमचा बॅकअप रोज होतो," असं छातीठोकपणे सांगणाऱ्याला मी एकच विचारतो: त्यातून परत काही कधी काढून, म्हणजे रिस्टोर करून, पाहिलंय? पुण्यात सदाशिव पेठेतलं सीएचं ऑफिस असो की भोसरीतलं वर्कशॉप, उत्तर बहुधा "तशी वेळच आली नाही" हेच असतं. कोणतं सॉफ्टवेअर चांगलं यावर वाटेल तेवढे सल्ले मिळतात. सॉफ्टवेअर हा या कामातला सगळ्यात सोपा भाग आहे.

दहा-वीस कॉम्प्युटर, एखादा सर्व्हर आणि त्यांना एकमेकांशी जोडणारा एक स्विच एवढा पसारा आहे, आणि डेटा कुठे कुठे आहे याची यादी तुमच्याकडे आहे, असं धरून चालतो. यादी नसेल तर आधी करा. मालकांच्या लॅपटॉपचा डेस्कटॉप त्यातून सुटतो, आणि नेमकी महत्त्वाची कागदपत्रं तिथेच पडलेली असतात.

दोन आकडे

मालकांकडून दोन आकडे लेखी घ्या. किती तासांचं काम पुन्हा करायची तयारी आहे? आणि ऑफिस किती वेळ बंद राहिलेलं चालेल? "काहीच जाता कामा नये आणि लगेच सुरू झालं पाहिजे" हे उत्तर धरायचं नाही. त्याचा खर्च सांगितला की गाडी रुळावर येते. पहिल्या आकड्यावरून बॅकअप दिवसातून कितीदा घ्यायचा ते ठरतं, दुसऱ्यावरून तो कुठे आणि कसा ठेवायचा ते. कंपनी कायदा लागू असेल तर एक गोष्ट तुमच्या हातात नाही: ऑगस्ट २०२२ च्या दुरुस्तीपासून इलेक्ट्रॉनिक हिशेबांचा बॅकअप भारतातल्या सर्व्हरवर रोज ठेवावा लागतो, आणि हिशेबाच्या वह्या आठ आर्थिक वर्षं जपाव्या लागतात.

आता गणित. गिगाबिट (१००० एमबीपीएसच्या) नेटवर्कवर सेकंदाला साधारण ११० एमबी डेटा जातो, म्हणजे २ टीबी परत आणायला पाच तास. कपाटावर जुना १०० एमबीपीएसचा स्विच धूळ खात चालू असेल तर याच कामाला दोन दिवसांहून जास्त लागतील. म्हणून डिस्कच्या आधी तपकीर गल्लीत जाऊन गिगाबिट स्विच आणि चांगली केबल आणा. आणि हा हिशेब मोठ्या फायलींचा आहे. लाखभर बारीक फायली असतील तर वेग अर्ध्याहूनही खाली येतो.

डिस्क, वेळापत्रक

डेटाच्या तिप्पट जागा घ्या, बिल आणि वॉरंटी कार्ड जपा. रोजच्या सात, आठवड्याच्या चार, महिन्याच्या बारा प्रती ठेवा. सॉफ्टवेअर जे समजेल ते.

रेड (एकच डेटा अनेक डिस्कवर मिळून ठेवायची सोय) म्हणजे बॅकअप नव्हे. एक डिस्क गेली तरी काम अडू नये म्हणून रेड असतं. कुणी फोल्डर उडवला तर तो सगळ्या डिस्कवरून त्याच क्षणी उडतो. क्लाउडवर सिंक होणाऱ्या फोल्डरचंही तेच. हे सांगून माझा घसा सुकलाय.

चालू डेटाबेसची फाइल नुसती कॉपी करू नका. एसक्यूएल सर्व्हर (मायक्रोसॉफ्टचं डेटाबेस सॉफ्टवेअर) असेल तर त्याच्याच बॅकअपच्या सोयीनं फाइल काढा आणि ती डिस्कवर न्या. टॅली असेल तर सगळ्यांना बाहेर काढून तिच्यातला बॅकअप घ्या. सात वाजता टॅली उघडीच ठेवून घरी जाणारा एक तरी माणूस प्रत्येक ऑफिसात असतो. त्याचं काय करायचं ते तुम्ही बघा.

बॅकअप ओढून घ्या

बहुतेक ठिकाणी प्रत्येक कॉम्प्युटरवर बॅकअपची डिस्क झेड ड्राइव्ह म्हणून जोडलेली दिसते आणि रात्री कॉम्प्युटर तिच्यावर डेटा ढकलतो. रॅन्समवेअरला, म्हणजे फायलींना कुलूप लावून खंडणी मागणाऱ्या व्हायरसला, झेड ड्राइव्हही दिसतो. मूळ फायलींबरोबर बॅकअपलाही कुलूप लागतं. म्हणून बॅकअपच्या मशीननं बाकीच्यांकडून डेटा ओढून घ्यावा. बाकीच्यांना त्या मशीनवर लिहिण्याचा हक्कच नको. बॅकअपपीसी हे फुकटचं सॉफ्टवेअर याच पद्धतीनं चालतं. त्या मशीनचं ॲडमिन खातं वेगळं, पासवर्ड वेगळा, आणि ते डोमेनला (ऑफिसच्या सगळ्या कॉम्प्युटरांच्या एकत्रित लॉगिन व्यवस्थेला) जोडायचं नाही.

शिवाय एक डिस्क कायम सुटी ठेवा. जून २०१७ मध्ये नॉटपेट्या या व्हायरसनं मर्स्क या जहाज कंपनीचं जगभरचं नेटवर्क झोपवलं, आपल्या जेएनपीटी बंदरातल्या त्यांच्या टर्मिनलचं कामही अडलं. त्यांचे डोमेन कंट्रोलर, म्हणजे लॉगिन सांभाळणारे सर्व्हर, एकमेकांशी सिंक होत असल्यानं वेगळा बॅकअप कुणी ठेवला नव्हता आणि सगळे एकदमच गेले. वाचला तो घानामधला एक, कारण त्या वेळी तिथली वीज गेली होती. महावितरणला नावं ठेवणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं.

रिस्टोर: इथे वेळ द्या

मी सगळ्यात जास्त डोकं आपटलंय ते इथे, आणि सल्ले देणारे इथेच "अधूनमधून तपासत जा" म्हणून मोकळे होतात. तपासायचं म्हणजे काय? सॉफ्टवेअरच्या पडद्यावरची हिरवी खूण पाहणं म्हणजे तपासणं नव्हे. ३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅब या सॉफ्टवेअर कंपनीमध्ये चालू डेटाबेसचा फोल्डर चुकून उडाला. बॅकअपच्या चार-पाच व्यवस्था होत्या. रोजचा डंप (डेटाबेसची फायलीत काढलेली प्रत) प्रत्यक्षात होतच नव्हता, कारण तो घेणारं साधन डेटाबेसच्या वेगळ्या आवृत्तीचं होतं. आणि "बॅकअप फसला" असं सांगणाऱ्या ईमेल पोचतच नव्हत्या. सहा तासांपूर्वी वेगळ्याच कामासाठी घेतलेल्या स्नॅपशॉटवर, म्हणजे डिस्कच्या त्या क्षणाच्या प्रतीवर, निभावलं.

म्हणून दर तीन महिन्यांनी सराव. एक जुना पण चालता पीसी त्यासाठी राखून ठेवा. मूळ सर्व्हरवर रिस्टोर करून पाहायचं नाही म्हणजे नाही. पूर्ण मशीन उभं करणार असाल तर ते सुरू होण्याआधी सरावाच्या पीसीची नेटवर्क केबल काढा. नाहीतर त्याच नावाचे आणि त्याच आयपीचे दोन सर्व्हर एकाच नेटवर्कवर येतात, आणि बिलिंगवाल्या ताई कुठल्या सर्व्हरवर नोंदी करतायत हे संध्याकाळपर्यंत कळत नाही.

तीन गोष्टी परत आणायच्या. आठवड्यापूर्वीची एखादी फाइल, ती सोपी. मग एक अख्खा डेटाबेस. मग एक अख्खं मशीन.

डेटाबेस "रिस्टोर यशस्वी" असं सांगतो आणि तरीही सॉफ्टवेअर लॉगिन घेत नाही, हा एसक्यूएल सर्व्हरचा नेहमीचा खेळ. लॉगिन त्याच्या स्वतःच्या 'मास्टर' नावाच्या डेटाबेसमध्ये असतात. तुम्ही फक्त बिलिंगचा डेटाबेस आणलेला असतो. त्यामुळे मास्टरचाही बॅकअप हवा, निदान लॉगिनची स्क्रिप्ट तरी. नंतर डेटाबेस आतून धड आहे का ते पाहणारी डीबीसीसी चेकडीबी ही कमांड चालवा. आणि शेवटची तपासणी तुम्ही करायचीच नाही, हिशेबनिसांना बोलवा. ते ट्रायल बॅलन्स उघडतील, शेवटचा व्हाउचर नंबर बघतील आणि "मंगळवारच्या एंट्र्या दिसत नाहीत" म्हणतील. फोल्डरचा आकार जुळला यावर समाधान मानणाऱ्याला हे कधीच सापडलं नसतं.

अख्ख्या मशीनची तऱ्हा आणखी वेगळी. रिकव्हरीच्या पेन ड्राइव्हवरून नवा पीसी सुरू होतो, पण नेटवर्कच दिसत नाही, कारण नव्या लॅन कार्डचा ड्रायव्हर त्यात नसतो. नव्या इंटेल मशीनमध्ये व्हीएमडी (डिस्क हाताळण्याची इंटेलची सोय) चालू असेल तर आतली एनव्हीएमई (वेगवान एसएसडी) डिस्कही दिसत नाही. सर्व्हर पडलेला, मालक मागे उभे, आणि तुम्ही मोबाइलवर ड्रायव्हर शोधताय, ही वेळ टाळायची असेल तर दोन्ही ड्रायव्हर आजच त्या पेन ड्राइव्हवर टाका. नवं मशीन आलं की पुन्हा टाका.

हा सराव दुसऱ्याच्या हातून करून घ्या. हातात फक्त कागद द्यायचा: बॅकअपच्या मशीनचा आयपी, ॲडमिनचा पासवर्ड, सॉफ्टवेअरची आवृत्ती आणि लायसन्स, एन्क्रिप्शनची (बॅकअपला लावलेल्या कुलपाची) किल्ली, बिटलॉकरची (विंडोजच्या डिस्क-कुलपाची) रिकव्हरी की. तुम्ही शेजारी गप्प बसा. तो जिथे अडेल तिथे कागदात भर घाला. हा कागद छापलेलाच हवा, तिजोरीत ठेवलेला. सर्व्हरचे सगळे पासवर्ड त्याच सर्व्हरवरच्या एक्सेल फायलीत ठेवणारी ऑफिसं मी पाहिली आहेत.

घड्याळ लावा. लागलेला वेळ मालकांनी लिहून दिलेल्या दुसऱ्या आकड्यापेक्षा जास्त निघाला तर योजना बदला, नाहीतर आकडा बदलून पुन्हा सही घ्या.

सरावाचा दिवस नीट निवडा. जागतिक बॅकअप दिन ३१ मार्चला असतो. आपल्याकडे त्या दिवशी सर्व्हरच्या खोलीत पाऊल टाकणाऱ्याला सीए लोक फाडून खातील. भोसरीत गुरुवारची साप्ताहिक सुट्टी सोयीची, पण महावितरणची दुरुस्तीही बहुधा गुरुवारीच निघते, तेव्हा आधी चौकशी करा.

खरी वेळ आली तर एकच ताकीद: बिघडलेली डिस्क फॉरमॅट करायची नाही. नवी आणा, तिच्यावर रिस्टोर करा, जुनीला चिठ्ठी लावून ती बाजूला ठेवा. रॅन्समवेअर असेल तर कालचाच बॅकअप उचलू नका. व्हायरस आत कधी शिरला ते शोधा आणि त्याआधीची प्रत घ्या. महिन्याच्या बारा प्रती त्यासाठीच आहेत.

डिस्क बाहेर

दोन एन्क्रिप्ट केलेल्या डिस्क, आठवड्याला अदलाबदल, एक कायम ऑफिसबाहेर. बाहेर म्हणजे त्याच इमारतीच्या तळमजल्यावर नव्हे. १९६१ चा पानशेतचा पूर सोडा, जुलै २०२४ मध्ये सिंहगड रोडवरच्या एकतानगरीत पाणी शिरलेलं सगळ्यांनी पाहिलंय. ऑफिस नदीकाठी असेल तर डिस्क कोथरूडच्या चढावर कुणाच्या तरी घरी जाऊ द्या, वरच्या मजल्यावर. आणि ती नेणारा माणूस रजेवर असेल त्या आठवड्यात कोण नेणार, त्याचं नाव आत्ताच ठरवा.